वाहन आणि विवेक

खटकचिंचोळीकडील काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचे चाक रुतले, म्हणजे बैलांचे कष्ट पाहून आमचे मन कळवळते. पण संस्थानी काळात याच बैलगाडीवर डोळे झाकलेला पाळीव चित्ता बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत असत. शेतकऱ्याच्या गाडीस हरणे बुजत नसत. त्या विश्वासावरच शिकार साधे. पुढे 1952 साली भारतातून चित्ताच नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

आता परदेशांत दलदलीतील शिकारीसाठी वाहनांस रुंद, कमी हवेची चाके बसवितात. भार पसरतो, चाक रुतत नाही. बारशिंग्याच्या पसरट खुरांना निसर्गाने दिलेली सोय यंत्राने अशी उसनी घेतली आहे.

कोणी म्हणेल, साधनाला कसले पाप? दोष मारणाऱ्याचा. हे अंशतः खरे आहे; तेच चाक पुरात अडकलेल्यांस तारीलही. परंतु चिखल शिकाऱ्यास थांबवीत होता, आणि ते थांबणे टाळण्यासाठीच जो वाहन घडवितो, त्याचा हेतू त्या घडणीत उतरत नाही काय?

आदिपर्वातील किंदम ऋषी पंडूस मृगयेबद्दल दोष देत नाहीत. मीलनसमयी बाण सोडल्याबद्दल शाप देतात. शस्त्र हाती असताही थांबावयाचे कोठे, हाच तेथे प्रश्न आहे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाहेरून बंधन घातले. आतले बंधन मात्र ज्याने त्याने स्वतःस घालावयाचे असते; चिखल आता ते काम करणार नाही, असे आम्हांस वाटते.