पिशवीतली छोटी पुडी

बीटी कपाशीच्या पिशवीत ४५० ग्रॅम सरकीसोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची, बिगर-बीटी सरकीची. तिच्या ओळी, म्हणजे आश्रय ओळी, शेताच्या कडेने लावायच्या. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी मिसळतात आणि अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. आमच्या परभणीकडे ती पुडी बहुतेकदा बांधावरच राहिली. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही उभी राखलेली कपाशी, ठेवू नका, हेही कृषी विद्यापीठ सांगतच होते. पण पाणी असले आणि भाव दिसला की फरदड राहायची. २०१७ साली बीटीला सरावलेली गुलाबी बोंडअळी आली. वरून हिरवेगार, टपोरे बोंड. फोडले की आत किडकी कवडी.

‘सांगितलं होतं ना’ हे त्या वर्षी फार ऐकू आले. मला हिब्रू संदेष्टे आठवले. न ऐकलेल्या इशाऱ्याचे पुढे काय होते, यावर त्या लोकांनी काही शतके डोके शिणवले आहे.

इ.स.पू. आठव्या शतकातला आमोस तकोवाचा मेंढपाळ. उत्तरेच्या राज्यात सुबत्ता होती तेव्हा तो बेथेलला जाऊन खोट्या मापांविषयी आणि नाडलेल्या गरिबांविषयी बोलला. तिथल्या याजकाने त्याला आपल्या मुलखात जाऊन पोट भरायला सांगितले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास त्या राज्याची राजधानी शोमरोन पडली. इथवर हिशोब सरळ आहे: ऐकले नाही, भोगले.

पण ऐकले तर? सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल, असे मीखा हा संदेष्टा म्हणाला होता. दक्षिणेच्या यहूदाचा हिज्कीया राजा घाबरला, वळला आणि शहर वाचले. शंभरेक वर्षांनी यिर्मया या संदेष्ट्यावर मरणाची पाळी आली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याच्या बाजूने हाच दाखला दिला. भाकीत खरे ठरले नाही म्हणून मीखा खोटा, असे कोणी म्हटले नाही. उलट तेच त्याचे यश. इशारा म्हणजे पंचांगातले ग्रहण नव्हे. त्यातले संकट टळावे म्हणूनच तो दिलेला असतो. योनाची गोष्ट तर यावरच बेतली आहे: इशारा ऐकून निनवे शहर वाचले आणि तो देणारा संदेष्टाच रुसून बसला.

यहूदाच्याच यहोयाकीम राजाला हे उमगले नाही. हिवाळ्यात शेगडीपुढे बसून तो यिर्मयाची गुंडाळी ऐकत होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा चाकूने कापून निखाऱ्यांवर टाकायचा. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने ती पुन्हा लिहून काढली, अधिक मजकूर घालून. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम जळाले. गुंडाळीतला मजकूर उरला.

बाबिलोनच्या बंदिवासात नेलेल्या लोकांपुढचा प्रश्न बदलला: दोष कोणाचा? बापाने आंबट द्राक्षे खावीत आणि दात पोरांचे आंबावेत, अशी म्हण लोकांत रूढ होती. तिथल्या यहेज्केल संदेष्ट्याने ती मोडीत काढली; ज्याचे पाप त्याच्या माथी. पहारेकऱ्यालाही त्याने सोडले नाही. शत्रू दिसूनही ज्याने शिंग फुंकले नाही, तो मेलेल्यांचा देणेकरी. राजापासून सुरू झालेला जाब असा सांगणाऱ्यापर्यंत आणि एकेका माणसापर्यंत आला.

कपाशीच्या वावरात हा न्याय अर्धाच लागू पडतो. एकाने आश्रय ओळी लावल्या आणि शेजाऱ्याने नाही, तर पतंगाला बांध कळत नाही. ओळींचे नुकसान ज्याचे त्याचे, फायदा साऱ्या शिवाराचा. पुडी टाकणारा यहोयाकीम नव्हता. यंदाचा खर्च काढू पाहणारा माणूस होता. म्हणूनच निनवेच्या गोष्टीतला तपशील मला महत्त्वाचा वाटतो: राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला आणि उपास गुराढोरांनाही घडला. शिवाराचा इशारा शिवारानेच ऐकावा लागतो.

आता बिगर-बीटी सरकी पिशवीतच मिसळून येते. पेरणाऱ्याने ऐकायची गरजच उरली नाही. फरदड मात्र अशी मिसळून देता येत नाही. डिसेंबरअखेर विहिरीला पाणी असते, झाडावर चार बोंडे असतात, आणि पऱ्हाटी उपटायची की नाही हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.