अर्जातली कोरी वर्षं

मी अकोल्यात एका डाळमिलीत पोती उचलतो. गाव आसेगाव, जिल्हा वाशिम. मागल्या महिन्यात दुसऱ्या एका मिलीत स्टोअरकीपरची जागा निघाली म्हणून बायोडाटा लिहायला बसलो आणि अडलो.

झेरॉक्सवाल्याकडं दोन नमुने. एकात नोकऱ्या तारखेवार, ताजी वर, जुनी खाली. दुसऱ्यात आधी काय येतं ते, वर्षं मागून. पहिला नमुना शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून हापिसात सरळ गेलेल्यांचा. त्यात माझी बारावीनंतरची तीन वर्षं कोरी दिसतात. त्या तीन वर्षांत बाप अंथरुणाला खिळलेला. मी सोयाबीन सोंगलं, थ्रेशरवर राबलो, काट्यावर पोती मोजून हिशेब लिहिला. काम झालं, कागद कुणी दिला नाही. मग ती वर्षं कोरी कशी?

म्हणून दुसरा नमुना घेतला. वजनकाटा, साठ्याची वही, मालाची प्रत ओळखणं हे वर लिहिलं. खाली खरी वर्षं, आणि 'शेतमजुरी' हा शब्द तसाच. काम आधी सांगणं ही लबाडी नव्हे. वर्ष पुसलं, खोटी कंपनी घातली तर लबाडी.

नमुन्यात जातीचा रकाना होता, तो खोडला. सरकारी अर्जात जात लिहिणं हा आपला हक्क. खाजगी मिलीला तिची गरज काय?

तेवढ्यात मित्र म्हणाला, "आडनाव काहून लिहितो बे? आसेगावकर लाव अन् मोकळा हो."

त्याचंही खोटं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे पेपरातल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज धाडले. पात्रता सारखी, नावं वेगळी. २००७ साली निष्कर्ष छापले: सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. जात कुणी विचारलीच नव्हती. आडनाव वाचलं होतं.

मग नाव झाकावं का? १९१७ साली बाबासाहेब कोलंबियाची विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावानं पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. त्यांनी नाव झाकलं याचा दोष त्यांच्यावर कोण टाकील? दोष झाकायला लावणाऱ्याचा. म्हणून घरी चूल विझलेला पोरगा आडनाव बदलत असेल, तर त्याला भेकड म्हणायची आपली सवय आपण सोडू.

पण माझी चूल आज पेटते. नाव झाकून नोकरी मिळाली तर ते रोज झाकावं लागेल. डबा खाताना, जयंतीची सुट्टी मागताना, घरी कुणाला बोलावताना. आणि काम चोख केलं तरी ते कुणाच्या हातचं, हे मालकाला कधी कळणार नाही. पगारासाठी एवढी किंमत द्यायची माझी तयारी नाही.

अर्ज दिला. आडनाव पूर्ण लिहिलंय. बोलावणं अजून आलेलं नाही.

जयभीम.