आजोबांचे मत

2022 च्या जुलैत मी सानगडीला गेलो तेव्हा काकांचा रोवणा चालू होता आणि दिल्लीत राष्ट्रपतींची निवडणूक. बांधावर चहा घेताना काकांनी विचारले, "काहून गा, मले तं कोनी मत मांगालेच नाही आलं?"

नागरिकशास्त्रात मला पूर्वी पस्तीस गुण होते. तेवढ्या बळावर मी सांगितले, की राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. आपल्यातर्फे साकोलीचे आमदार मत देतात.

"कोनाले देल्लं?"

"ते गुप्त असतं."

"माह्या मत, अन् मलेच गुप्त?"

विषय बदलावा म्हणून मी हिशेबात शिरलो. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175. उत्तर प्रदेशात 208, सिक्कीममध्ये 7. राज्याची 1971 ची लोकसंख्या, आपली 5,04,12,235, भागिले 288 आमदार, भागिले हजार. म्हणजे दर हजार माणसांमागे एक मत.

आणि इथेच मी अडखळलो. माझा जन्म 1974 चा. म्हणजे या हिशेबात मी नाहीच! उलट 1980 साली वारलेले आजोबा मात्र आहेत.

काका खो खो हसले. "आबानं जितेपनी घरात कोनाले इचारलं नाही, आता मेल्यावरही थोच निवडते!"

मला जरा लागलेच. तरी आकडा गोठवण्यामागे न्याय आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे वजन घटू नये म्हणून 1976 च्या घटनादुरुस्तीने 1971 चा आकडा कायम केला. पुढे 2001 च्या दुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मुदत वाढवली. शहाण्यासारखे वागणाऱ्याला शिक्षा नको, एवढ्यासाठी मी हिशेबाबाहेर राहायला तयार आहे. पण न पाहिलेल्या मताची जबाबदारी कोणाची? देणाऱ्याची, की त्याला पाठवणाऱ्याची?

काकांनी कप खाली ठेवला. "बाजारातून बैल आनाले दुसऱ्याले धाडाचा असंन, तं बैलाचे दात थो पाह्यते. आपन पहिले त्याचे पाहाव."

मी गप्प बसलो. मागच्या विधानसभेला मी उमेदवाराचे फक्त पोस्टर पाहिले होते. त्यात तो हसत होता, म्हणजे दात तसे दिसत होते. पण मोजले कोणी?