कडेवर न बसणारं पोर

वेणूआजीने नऊ पोरं कडेवर वाढवली होती. पाच स्वतःची, चार नातवंडं. डाव्या कडेवर पोर अडकवून तिने भाकऱ्या थापल्या, विहिरीचं पाणी शेंदलं, वेळ पडली तेव्हा भांडणंही केली. माणदेशातल्या त्या वाडीवर कुणाचं पोर गप्प बसेना झालं की म्हणत, "जा, वेणूआजीच्या कमरेवर नेऊन टाक."

दहावं पोर म्हणजे धाकट्या लेकाचा शंभू. आठव्या महिन्यातच जन्मला, जन्मल्यावर लगेच रडला नाही, बारा दिवस काचेच्या पेटीत होता. मग घरी आला, अंग धरलं, हसायला लागला आणि पेटीचे दिवस सगळे विसरून गेले.

सहाव्या महिन्यात आजीने त्याला कडेवर घ्यायला उचललं, तर पोराच्या मांड्या उघडेनात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, पावलं खाली ताणली गेली. तिने खाली ठेवून पुन्हा उचललं. पुन्हा तसंच.

नऊ पोरांनी घडवलेल्या कमरेला जे कळायचं ते त्याच क्षणी कळलं. पण बोलायचं कसं? देवाला साकडं घालून झालेलं पोर. त्याच्याबद्दल अभद्र बोललं तर सून म्हणणार, सासूची जीभ काळी. आजीने मग वेगळाच मार्ग काढला. कडेवर घेणंच सोडलं. दुपट्यात पाय जुळवून, दोन्ही हातांवर आडवा घेऊन ती त्याला फिरवू लागली. पोर रडत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं.

असे चार महिने गेले.

अंगणवाडीच्या ताईंना खटकलं ते वजन घेताना. दहा महिन्यांचा शंभू हात टेकूनही बसत नव्हता, अंगठा मुठीत दाबलेलाच. ताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड उघडून कोणत्या महिन्यात मूल काय करतं ती चित्रं आईसमोर धरली. आई म्हणाली, "लवकर झालाय ना ताई, तेवढं मागं राहणारच." यात चुकीचं काही नव्हतं. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचं वय मोजताना तेवढे दिवस वजा धरावेच लागतात. पण दोन महिने वजा केले तरी आठ उरतात, आणि मांड्या न उघडण्याचा त्या वजाबाकीशी संबंध नव्हता. बाप म्हणाला, "मीबी उशिराच चाललो." आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक उशिरा चाललेला किंवा उशिरा बोललेला पुरुष असतो, आणि त्याच्या भरवशावर पोरांची लाखमोलाची वर्षं निघून जातात. ताईंनी दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा शेजारीण कुजबुजली, "शुभ बोल रे नाऱ्या!"

पंधरवड्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली. 2013 साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरातून देशभर सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन पोरं तपासतं. पथकातल्या डॉक्टरबाईंनी शंभूच्या आईला प्रश्न विचारले. मान धरतो? धरतो. हसतो? हसतो. दूध पितो? पितो. सगळं खरंच होतं. मग बाईंचं लक्ष दाराशी बसलेल्या म्हातारीकडे गेलं.

"आजी, किती पोरं वाढवलीत?"

"नऊ. ह्ये धावं."

"मग हे घेतल्यावर कसं वाटतं?"

आजीने सुनेकडे पाहिलं नाही. "कडंवर बसत न्हाय. पाय फाकवत न्हाय. लाकडावानी."

"कधीपासून?"

"साव्या म्हैन्यापास्नं."

सुनेच्या हातातलं कार्ड खाली पडलं. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सुनेचा राग मला रास्त वाटतो. पण त्या चार महिन्यांत आजीला हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता, हेही तितकंच खरं.

जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात सगळ्या तपासण्या झाल्या. सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा. डॉक्टरांनी गोड बोलून फसवलं नाही. ही इजा भरून येत नाही, पण ती वाढतही नाही. वाढतो तो स्नायूंचा ताठरपणा, हात न लावता सोडला तर. आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितक्या लवकर नव्या वाटा शोधतो तितक्या लवकर पुढे शोधत नाही.

फिजिओथेरपीच्या ताईंनी आजीलाच पुढे बोलावलं. "पावलं धरून ओढायचं नाही, पाय आणखी ताठतात. आधी गुडघे पोटाशी दुमडा. मग मांड्यांना धरून हळूहळू उघडा. आता बसवा कडेवर."

आजीने बसवलं. पोर तिच्या कमरेला बिलगलं, दोन पाय दोन बाजूंना.

"असं दिवसातून जितका वेळ घ्याल, तितका वेळ मांड्या मोकळ्या राहतील. हासुद्धा व्यायामच आहे."

"म्हंजी कडंवर घ्यायचं ह्येच औषद?" आजी म्हणाली, आणि तिथल्या बाकड्यावर बसून रडली. चार महिने तिने तेच तर बंद केलं होतं.

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी एसटी, बुडालेला रोज, रोज तोच व्यायाम. बापाने भिंतीच्या कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती लावली, शंभूला मधे टेकवून बसवायला. सून हळूहळू बोलू लागली, आधी पोराबद्दल, मग बाकीचं. तिसरं वर्ष लागल्यावर अंगणवाडीच्या ताईंनी त्याला दाखल करून घेतलं. "पडला तर कोण निस्तरणार?" असं दोघी-तिघींनी विचारलं. ताई म्हणाल्या, "बाकीची काय पडत नाहीत?" शंभू अंगणवाडीत गेल्यामुळे आईला पुन्हा रोजाने जाता आलं. एसटीचं भाडं त्यातूनच निघू लागलं.

शंभू आता साडेचार वर्षांचा आहे. आधाराशिवाय बसतो, लाकडी गाडा ढकलत अंगणवाडीच्या दारापर्यंत जातो. एकटा चालत नाही. चालेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. आणखी चार महिने हाताशी असते तर आज काय असतं, हे विचारायचं घरात सगळ्यांनी सोडलंय.

वाडीवर आता कुणाचं पोर पाच-सहा महिन्यांचं झालं की वेणूआजी ते मागून घेऊन कडेवर बसवून बघते. दोन घरांनी तिला दारात उभं करणं बंद केलंय. तिसऱ्या घरातलं पोर गेल्या सोमवारी तिने कडेवर घेतलं, थोडा वेळ हिंडवलं आणि आईच्या हातात परत देत म्हणाली, "बेस हाय. पर मान अजून डुगडुगतीया. बुधवारी गाडी यायची हाय, दाखवून आण."

ती बाई बुधवारी आली होती.