टिकणारी झळाळी

मोटारगाडी ही आता केवळ शहरातील श्रीमंतांची वस्तू राहिलेली नाही. खेडोपाडी भाड्याची जीप, दुधाचा टेम्पो, एखाद्या कुटुंबाची लहानशी मोटार आढळते. आणि त्यांपैकी पुष्कळ गाड्या एकाने वापरून दुसऱ्यास विकलेल्या असतात. अशी गाडी विक्रीस काढण्यापूर्वी ती धुऊन, घासून आरशासारखी चकचकीत करण्याची चाल सर्वत्र आहे. ह्यावरून एक प्रश्न उद्भवतो, व तो वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. जुन्या वस्तूस झळाळी आणणे हे प्रामाणिकपणाचे काम आहे, की ती एक प्रकारची लबाडी आहे?

कित्येकांचे म्हणणे असे की, बाहेरची चकाकी हे निव्वळ सोंग होय. इंजिन चांगले असले म्हणजे झाले. बाहेरून शुभ्र केलेल्या कबरींची उपमा आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि तिचाच आधार हे लोक घेतात. दुसरे कित्येक म्हणतात की, आपला माल चांगला दाखविणे हा व्यवहारच आहे. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. आम्हांस वाटते की, झळाळी कशी उत्पन्न होते ह्याचा विचार ह्या दोन्ही पक्षांनी केलेला नाही. तो केला असता प्रश्नाचा उलगडा बराच सोपा होतो.

हल्लीच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण, असे थर असतात. हे सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून किंचित अधिक भरते. वरचे रोगण तर आपल्या केसाहूनही पातळ असते. तळ्याचे पाणी निवांत असले म्हणजे त्यात समोरचा डोंगर स्पष्ट दिसतो. वाऱ्याने त्यावर लहरी उठल्या की तोच डोंगर दिसेनासा होतो. पाणी तेच, उजेडही तोच. रोगणाचेही असेच आहे. पृष्ठभाग सपाट असला म्हणजे त्यावर पडलेला उजेड एका दिशेने परत फिरतो व गाडी चमकते. त्यावर हजारो बारीक ओरखडे पडले म्हणजे उजेड दाही दिशांस विखुरतो व गाडी निस्तेज दिसते. तात्पर्य, खरी झळाळी ही बाहेरून आणून लावण्याची वस्तू नव्हे. उजेड विखुरणारी जी मलिनता व जे ओरखडे, ते दूर केल्यावर जे उरते ते झळाळी होय.

आणि हे ओरखडे बहुतेक येतात कोठून? आश्चर्य हे की, पुष्कळसे पुसण्यातूनच येतात. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात व ते रोगणाहून फार कठीण असतात. सकाळी कोरडे फडके घेऊन जो गाडी झटपट पुसतो, तो तीवर काचकागदच फिरवीत असतो. म्हणून जाणते लोक आधी पाणी ओतून माती भिजवितात व सुटी होऊ देतात. मग टपापासून आरंभ करून खाली येतात, कारण चिखल खाली अधिक असतो. दोन बादल्या ठेवितात, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळून घेण्याची. गाडी सावलीत धुतात, कारण तापलेल्या पत्र्यावर विहिरीच्या जड पाण्याचे थेंब वाळले म्हणजे चुन्यासारखे डाग राहतात. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढितात, कारण ती रोगणास खाते. हे सर्व काम संथ व कंटाळवाणे आहे. परंतु झळाळीचा मोठा भाग येथेच मिळतो.

ह्यानंतर अत्यंत बारीक लेप लावून घासणे येते. ह्याने ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालचे रोगण घासून त्याच्या पातळीस आणिले जाते. म्हणून प्रत्येक वेळी रोगण थोडे झिजते आणि हे काम वारंवार करिता येत नाही. जो ओरखडा रोगण भेदून खालच्या रंगापर्यंत गेला, तो घासण्याने जात नाही. शेवटी मेण. ह्या कामाचे नामांकित मेण ब्राझील देशातील कार्नाउबा नामक ताडाच्या पानांपासून निघते व ते 80 अंशांहून अधिक उष्णतेवाचून वितळत नाही. तथापि गाडीवर ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. अलीकडे काचेच्या जातीचे लेप निघाले आहेत, ते काही वर्षे टिकतात. परंतु मेण काय किंवा लेप काय, ही केवळ राखण होय. ओरखड्यावर लेप दिला तर लेपाखाली ओरखडाच जपला जातो.

आमच्या वडील मंडळीस हे नवे वाटणार नाही. कल्हईवाला पितळेचे भांडे आधी स्वच्छ घाशी, भट्टीवर तापवी, नवसागराने त्यावरचा उरलासुरला मळ घालवी, आणि मगच कथील देऊन कापसाच्या बोळ्याने फिरवी. मळलेल्या भांड्यावर कथील धरतच नसे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याने गाडी मन लावून धुतली, ओरखडे काढले व राखण दिली, त्याने काही लपविले नाही. उलट त्याने वस्तूचे आयुष्य वाढविले. त्यास सोंग म्हणणे अन्याय होईल. परंतु दुसरीही एक झळाळी आहे. तेलकट लेप ओरखड्यांत भरला की संध्याकाळच्या दिव्यात गाडी नवी दिसते आणि चार वेळा धुतल्यावर जशीच्या तशी होते. ह्याहून वाईट म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वर रंग व चकाकी देणे. आत ओल शिरली की गंज आपले काम थांबवीत नाही. तो फुगतो व वरचा रंग फोडतो. समजा, एका शेतकऱ्याने दागिने गहाण ठेवून व पतपेढीचे कर्ज काढून अशी जीप घेतली, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिचे पत्रे सुटू लागले. विकणाऱ्याने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नसेल. परंतु त्याच्या हातांनी खोटी साक्ष दिली.

तेव्हा कसोटी ही की, मी दोष काढला की झाकला? गाडी माझ्याच घरी राहावयाची असती तर मी हेच केले असते काय?

येथे कोणी म्हणेल, 'गंज सांगितला तर किंमत कमी येईल.' होय, येईल. सत्य सांगणारास नेहमी लाभच होतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जी रक्कम कमी येईल ती मुळात विकणाराची नव्हतीच. ती त्या शेतकऱ्याची होती.

दुसऱ्याच्या खर्चाने झळाळी मिळविण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो पाण्याचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. ज्या गावात बाया टँकरची वाट पाहत बसतात, तेथे नळी सोडून गाडी धुणे हे दुसऱ्याच्या घागरीतून घेणे होय. दोन-तीन बादल्यांत हे काम नीट होते. आणि तेवढेही नसेल तर पाऊस येईपर्यंत गाडी मळकी राहू द्यावी. कोरडे फडके मात्र फिरवू नये.

गावात देवघेवीच्या वेळी उपदेशकांस पंच म्हणून पुष्कळदा बोलावितात. त्यांनी गाडी दिव्यात न पाहता दिवसा, धुतल्यावर पाहावी. पत्रा लोखंडी असेल तेथे फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जेथे पुट्टी जाड आहे तेथे ते चिकटत नाही किंवा सैल चिकटते. आणि विकणारा आपल्यापैकीच कोणी असेल, तर सौदा ठरण्यापूर्वी त्यास एकीकडे नेऊन सौम्यपणे विचारावे की, 'दादा, ह्या रंगाखाली काय आहे?' त्यास उत्तर देण्याची संधी घेणाऱ्यासमोर अपमान न होता मिळावी. पुष्कळ माणसे विचारले असता खरे सांगतात. विचारणारा कोणी नसतो, म्हणून ती गप्प राहतात.