पाहुण्याचा हक्क आणि कळशीचं ओझं

मेहमान ही अल्लाहची रहमत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जिथं पाणी कळशीनं मोजावं लागतं, तिथं या रहमतीचं स्वागत कसं करावं? घरातली टंचाई पाहुण्याला सांगावी की झाकावी?

मेहमाननवाजीची आपली परंपरा वाळवंटात वाढली. तिथं वाटसरूला दार नाकारणं म्हणजे त्याला मरणाच्या हवाली करणं. आजचा यजमान उद्याचा मुसाफिर, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण याच वाळवंटातली आणखी एक हकीकत बुखारी शरीफमध्ये आहे. मक्केच्या त्या उजाड खोऱ्यात हजरत हाजरा (अ.स.) तान्ह्या इस्माईलला घेऊन एकट्या राहिल्या. झमझम वाहू लागलं. पुढे घिरट्या घालणारा पक्षी पाहून जुरहुम कबिल्याचे लोक तिथं आले आणि मुक्कामाची इजाजत मागू लागले. हाजरांना माणसांची सोबत हवीच होती. त्यांनी होकार दिला, पण पाण्यावर तुमची मालकी राहणार नाही, ही अट आधीच सांगितली. जुरहुमवाल्यांनी ती मान्य केली. त्यांचा अपमान झाला नाही आणि हाजरांची उदारताही उणी ठरली नाही.

आता आपल्या कट्ट्याकडे, मालवण तालुक्यातल्या सड्यांकडे पाहू. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण कातळ आणि उतार यांमुळे बराचसा वाहून समुद्राला मिळतो. मे महिन्यात अनेक विहिरींचा तळ दिसतो आणि नेमके तेव्हाच मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब येतात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं वीज गेली, तेव्हा विजेचे पंपही थांबले आणि दोरी-कळशी पुन्हा हाती आली. अशा दिवसांतही आपण पाहुण्यांसमोर काही कमी नसल्यासारखे वागतो. दस्तरख्वान भरलेला, न्हाणीघरातलं पिंप भरलेलं. ते कुणी भरलं, हे कुणी विचारत नाही. फजरच्या आधी उठून घरातल्या बाईनं भरलेलं असतं.

कुणी म्हणेल, त्या अन्सारी सहाबींनी दिवा विझवून स्वतः उपाशी राहत पाहुण्याला जेवू घातलं, त्यांनीही टंचाई झाकलीच ना? खरं आहे. हा किस्सा वर्गात सांगितला की मुलं त्या अन्सारींचं कौतुक करतात. मी त्यांना त्यांच्या बीवीकडेही पाहायला सांगते. घरात काय आहे, हे त्यांनी आधी तिला विचारलं होतं. उपाशी दोघंही राहिले. आणि ती एका रात्रीची गोष्ट होती. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचं सदका, आणि यजमान अडचणीत येईल इतकं पाहुण्यानं राहू नये, हेही पैगंबरांनीच (स.) सांगितलं आहे. एक रात्र झाकलं तर तो त्याग होतो. महिनाभर झाकलं आणि त्याचं ओझं एकाच खांद्यावर टाकलं, तर त्याला त्याग कसं म्हणावं? उदारतेचं नाव पुरुषाचं आणि कळशी बाईच्या कमरेवर, असा हा हिशेब आहे.

मुंबईच्या नातेवाइकांनी हे आपल्याला कधीच शिकवलं आहे. गावचा मुलगा नोकरीसाठी त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत उतरला, की पहिल्याच रात्री त्याला सांगितलं जायचं: नळ पहाटे येतो, बादली भरून ठेव. त्यात त्याला कधी अपमान वाटला नाही. उलट त्या बादलीनं तो घरचा झाला. मग तीच गोष्ट गावी सांगताना आपली जीभ का अडखळते?

पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरात वुजू करत. तेव्हा पाहुणे आले की पहिल्याच दिवशी विहीर दाखवावी, पाण्याचं माप सांगावं आणि दोरी घरच्या पुरुषानं आधी हातात घ्यावी. पाहुणा आपोआप पुढे येईल. टंचाई वाटून घेतल्यानं पाहुण्याची इज्जत कमी होत नाही. घरातल्या बाईची मात्र त्यामुळे राखली जाते.