अन्योन्याश्रय आणि घरी बांधलेला पॉवर सप्लाय

परस्परांवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टींची सुरुवात कशी होते? घरी बांधलेला स्विचिंग पॉवर सप्लाय बंद पडला की हा प्रश्न बोर्डावरच उभा राहतो. २३० व्होल्टची वीज डायोड ब्रिजमधून जाऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठवते. प्लग काढल्यावरही ती तिथे राहते, म्हणून आधी ती रेझिस्टरमधून उतरवावी लागते. यूसी ३८४२ ही आयसी मॉसफेट चालवते. तिचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरच्या सहायक वाइंडिंगमधून येतो, आणि मॉसफेट चालल्याशिवाय ते वाइंडिंग काहीच देत नाही.

न्यायशास्त्रात हा अन्योन्याश्रय दोष. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ मध्ये ज्या विद्येत तर्कतीर्थ झाले, तीच ही विद्या. बीज-अंकुराची परंपरा अनादि मानून शास्त्र सुटका करून घेते. सर्किटला ती सवलत नाही, कारण स्विच ठराविक क्षणी दाबला जातो. तिथे स्टार्टअप रेझिस्टर छोटा कपॅसिटर १६ व्होल्टपर्यंत भरतो आणि आयसी जागी होते. वाइंडिंगने वेळेत भार उचलला नाही, तर व्होल्टेज १० पर्यंत घसरून ती थांबते, पुन्हा सुरू होते. टिकटिक ऐकू येते.

मेन्स तोडून आयसीला बाहेरून १८ व्होल्ट दिल्यावर गेटवर पल्स दिसले, तर आयसी बहुधा निर्दोष. मात्र ‘म्हणून रेझिस्टरच खराब’ हा हेत्वाभास ठरेल. उलटे जोडलेले वाइंडिंग, सुकलेला कपॅसिटर किंवा आउटपुटचा शॉर्टही टिकटिक घडवतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनाही व्यतिरेकाची हीच शिस्त लागते: एका वेळी एकच संशयित बदलायचा.